कळंब्याच्या घरातला चटणीचा वास

घर बघायला गेलो त्या दिवशी मला सर्दी झालेली होती.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्याला एवढं एकच कारण मी आजवर देत आलोय आणि आमच्या घरात ते अजून कुणालाही पटलेलं नाही. सुरेखा, म्हणजे माझी बायको, हायस्कुलात शिकवते. तेव्हा दहावीच्या परीक्षा चालू होत्या आणि तिला सुट्टी मिळत नव्हती. “तुम्ही बघून या. तुम्हाला पसंत ते मला पसंत,” असं ती म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं एकदाच उच्चारलं. पुन्हा उच्चारणार नाही, हेही तिनं मला नंतर स्वच्छ सांगितलंय.

ती बावीस वर्षं आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकांना विचारायला लागायचं. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल होती आणि तिचा रंग कुठला हे कुणालाच आठवत नव्हतं. सुरेखानं पेपरात आलेलं एका पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघराचं चित्र कापून साड्यांच्या घडीत ठेवलेलं होतं. लग्नाच्या साडीखाली. मला ते ठाऊक होतं, पण मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

तर कळंब्याचं ते घर. दोन खोल्या, प्रशस्त स्वयंपाकघर, मागं परस, कढीपत्त्याचं झाड आणि संध्याकाळी तळ्यावरनं येणारा वारा. विकणाऱ्या बाईंचं नाव तानूमावशी. साठी ओलांडलेल्या, एकट्या. गुडघे दुखायला लागले म्हणून कोडोलीला भावाकडं राहायला निघाल्या होत्या. बाई सरळ. त्यांनी मला स्वयंपाकघरात उभं करून सांगितलं, “पावणं, आदीच सांगते. अठरा वर्सं हितं चटणी केलीया मी. वास येतोय.”

मी तुंबलेल्या नाकानं जोरात श्वास ओढला आणि म्हणालो, “कसला वास? मला तर काही येत नाही.”

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की ती आजही आठवते. मला वाटलं, बाईंचा घरातनं पाय निघत नसावा. (ते तर होतंच. पण त्या नजरेत माझ्याबद्दलची कीवही होती, हे मला पुढं कळलं.)

आता चटणी म्हणजे ताटात डाव्या बाजूला वाढतात ती नव्हे. आमच्या कोल्हापुरात चटणी म्हणजे वर्षभर कालवणात घालायचं तिखट. मिरच्या गिरणीतल्या डंकावर कांडून आणायच्या, धणे, जिरं, तीळ, लवंगा, खोबरं भाजायचं, कांदा-लसूण तेलात तळायचा आणि सगळं एकत्र कुटायचं. एका घराची चटणी करायची म्हटलं तर आजूबाजूची चार घरं शिंकतात. तानूमावशी आख्ख्या कळंब्याची करत होत्या. त्यावरच त्यांचं घर चाललेलं होतं.

किल्ली हातात आल्यावर मी सुरेखाला मोठ्या थाटात घर दाखवायला नेलं. तिनं उजवं पाऊल आत टाकलं आणि शिंकली. दुसरं पाऊल टाकलं आणि परत शिंकली. स्वयंपाकघरापर्यंत जाईस्तोवर मी अकरा शिंका मोजल्या. डोळे पुसत पुसत ती माझ्याकडं वळली.

“तुम्ही घर आतनं बघितलंसा का बाहेरनंच?”

“आतनं.”

“नाक न्हेलं हुतंसा संगट?”

“सर्दी होती,” मी म्हणालो. त्या कारणाचा तो पहिला वापर.

तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीवरनं बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं, वास घेतला आणि रुमालाला पुसलं. रुमालावर केशरी रेघ उमटली. तिला हसू आलं असावं असं मला वाटलं. पण परत येताना मंगळवार पेठ येईस्तोवर ती गाडीवर माझ्या मागं रुमालावरची ती रेघ चोळत बसलेली आरशात दिसली, तेव्हा मात्र मला काय ते कळलं. बावीस वर्षं तिनं ज्या पांढऱ्या भिंती मनात धरून ठेवल्या होत्या, त्यांच्या जागी मी तिला एक भलामोठा चटणीचा डबा विकत घेऊन दिला होता.

अक्षय तृतीयेला राहायला जायचं ठरलेलं होतं. हातात तीन आठवडे होते. मी मनाशी ठरवलं, त्याआधी वास घालवायचा. घालवायचा म्हणजे घालवायचा.

पहिले चार दिवस दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. वास गेला नाही, दोन मांजरं मात्र आली. मग आमच्या ऑफिसातल्या एका जाणकारानं सांगितलं, पातेल्यात व्हिनेगर उकळत ठेवा. ठेवलं. तासाभरानं घराला लोणच्याचा वास यायला लागला. म्हणजे चटणी होतीच, वर लोणचं झालं. दुसऱ्या जाणकारानं सांगितलं, कांदे चिरून पाण्यात घालून खोल्याखोल्यांतनं ठेवा, कांदा वास ओढून घेतो. मी अडीच किलो कांदे चिरले. दुसऱ्या दिवशी सुरेखा शाळेतनं परस्पर तिकडं आली, दारातच थांबली आणि म्हणाली, कांदा-लसूण चटणीत कांद्याची तेवढी उणीव होती, ती तुम्ही पुरी केलीसा.

कोळसा ठेवला. खायचा सोडा पसरला. तो मुंग्यांनी कुठं नेला देव जाणे. शेवटी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करायचा ठरवलं. घमेल्यात निखारे घेतले, वर ओला पाला टाकला, दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि बाहेर कट्ट्यावर बसलो. धूर असा झाला की कौलांतनं यायला लागला. शेजारचे जाधवमामा दुपारची झोप टाकून बादली घेऊन धावले आणि मी काही सांगायच्या आत खिडकी ढकलून त्यांनी पाणी आत मारलं. घमेलं विझलं. कोपऱ्यात ठेवलेलं आमचं नवं देवघर मात्र भिजून चिंब झालं. जाधवमामा म्हणाले, तानूबाई अठरा वर्षं इथं चुलीपुढं बसायची, पण तिनं एकदाही घर पेटवायला काढलं नाही.

मी देवघर उचलून उन्हात नेऊन ठेवलं.

पण खरा घोटाळा एक्झॉस्ट फॅननं केला. वासाचं मूळ तिथं आहे, असा मला शोध लागला. स्टुलावर चढून बघितलं तर पात्यांवर बोटभर जाड लाल थर. अठरा वर्षांच्या मिरच्या एका जागी. मी सुरीनं खरवडायला लागलो. खरवडलेलं सगळं फॅनच्याच पेटीत पडत होतं, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. खालनं सुरेखानं विचारलं, फॅन चालतो का तरी? मी म्हणालो, बघ की लावून.

तो चालत होता. फक्त उलटा फिरत होता.

पुढचं मला दिसलं नाही, कारण दिसायची सोयच उरली नव्हती. मी स्टुलावरनं कसा उतरलो ते आठवत नाही. परसात नळाखाली डोकं धरलं आणि डोळे चोळले, त्याच हातांनी. तो आरडाओरडा ऐकून जाधवमामा परत आले, या खेपेला दुधाचं पातेलं घेऊन, आणि ते त्यांनी माझ्या तोंडावर ओतलं. (नंतर कळलं की ते दूध खरवसासाठी ठेवलेलं होतं. मामी अजून तो विषय काढतात.) दोन दिवस मी गॉगल लावून ऑफिसला गेलो.

आता आबांचं सांगायला पाहिजे. आबा म्हणजे माझे वडील. चंदगडच्या बसवर कंडक्टर होते. त्यांचं नाक सगळ्या पेठेला माहीत होतं. ड्यूटीवरनं येताना गल्लीच्या तोंडाशी थांबून ते कुणाच्या घरात काय शिजतंय ते सांगायचे आणि कधी चुकायचे नाहीत. चैत्रात गल्लीतल्या सगळ्या बायका चटणी भाजायला बसायच्या. त्या दहा कढयांतनं आपल्या घरची कढई कुठली, हे आबांना कोपऱ्यावरनंच कळायचं. आई म्हणायची, या माणसापासनं काही लपवता येत नाही, चहात साखर जास्त पडली तरी रस्त्यावरनं ओळखतो.

आई गेली. त्यानंतर सहा महिन्यांनी आबांना मोठा ताप आला आणि त्या तापात त्यांना वास यायचा बंद झाला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कदाचित नाहीही येणार. दोन वर्षं झाली, आला नव्हता. आबांनी तक्रार केली नाही. फक्त जेवण कमी होत गेलं. दोन भाकरींची एक झाली, एकीची अर्धी झाली. सुरेखा त्यांच्यासाठी रोज काहीतरी वेगळं करून बघायची आणि ते ताटाला नमस्कार करून अर्धं ठेवून उठायचे. एकदाच म्हणाले, “आमटी काय आन् ऊन पाणी काय, मला आता एकच हाय.” म्हणाले आणि हात धुवायला गेले. मी त्यांच्या पाठीकडं बघत राहिलो होतो.

अक्षय तृतीयेला आठवडा राहिला होता, तेव्हा एक दिवस मी आबांना कळंब्याला बरोबर घेऊन गेलो. घरी एकटे कशाला बसतील म्हणून. स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांना खुर्ची टाकून दिली. सुरेखा शाळेत होती. मी रंगाऱ्याशी हुज्जत घालत होतो. मग आबांनी मला हाक मारली.

“पका, कोण चटणी भाजतंय रं?”

आता कुणीही शहाणा माणूस त्या जागी काय करील? हातातलं टाकील, बापाजवळ जाऊन बसेल, परत विचारील. मी काय केलं? मला वाटलं, आता हेसुद्धा तक्रार करायला लागले. बायको बोलतेय, शेजारी बोलतोय, आता वडील. मी तिथनंच म्हणालो, “आबा, दोन दिवस थांबा, पार मुळापासनं घालवतो.”

आबांनी तोंड परत स्वयंपाकघराकडं वळवलं. मी रंगाऱ्याला सांगितलं, भिंती विटांपर्यंत खरवड.

त्यानं खरवडल्या. गिलावा केला, प्रायमर मारला, वर दोन हात पांढरा रंग दिला. फॅन बदलला. ओट्याची फरशी बदलली. माळ्यावरची फळीसुद्धा काढून टाकली. अक्षय तृतीयेला सुरेखानं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि ती शिंकली नाही. ती भिंतीजवळ गेली, हात लावला, हाताकडं बघितलं. हात स्वच्छ होता. मी मनात म्हणालो, जिंकलो.

दूध उतू घालून झालं, पानं वाढायची होती. आबा येऊन त्याच दाराशी त्याच खुर्चीत बसले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. नाक वर करून दोन-तीनदा श्वास ओढला. आणि मला विचारलं, “हितला वास कुठं गेला रं?”

“घालवला की. सांगितलं नव्हतं का?”

“व्हय,” ते म्हणाले. “तुझी आई भाजायची तसा येत होता. म्हटलं आणि एकदा घ्यावा.”

सुरेखाच्या हातात पुरणपोळीचं ताट होतं. ते तिनं ओट्यावर ठेवलं. मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू विचारलं, आबांना वास आला होता? कधी? आणि तुम्ही मला सांगितलं नाहीसा?

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन वर्षांत त्यांच्या नाकाला एक वास लागला होता, एकच, आणि तो मी तीन आठवडे राबून, मजुरी देऊन, भिंती विटांपर्यंत सोलून घालवला होता.

त्यानंतरचे दिवस मी सांगत नाही असं ठरवलं होतं, पण थोडं सांगतो. मी दुकानातनं चटणीची पाकिटं आणली, तेलात टाकून आबांच्या पुढं धरली. त्यांनी वास घेतला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, येतोय जरा. येत नव्हता. मला बरं वाटावं म्हणून म्हणत होते. वाईट म्हणजे ते दुसऱ्या दिवशीही तसंच म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी मी पाकीट काढायच्या आतच म्हणाले. परसात रंगाऱ्यानं टाकलेल्या जुन्या गिलाव्याचा ढीग होता. मी त्यातले चार तुकडे उचलून हुंगून बघत होतो, तेव्हा कुंपणापलीकडं जाधवमामा उभे होते. त्यांनी नुसती मान हलवली आणि घरात गेले.

रविवारी मी कोडोलीला गेलो.

तानूमावशी भावाच्या घरी पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून उठायला लागल्या, गुडघ्यानं उठू दिलं नाही. पहिलं विचारलं ते, “घर कसं हाय माजं?” मग स्वतःच सुधारून म्हणाल्या, “तुमचं म्हणते मी.” मी सगळं सांगितलं. भिंती सोलल्या, रंग दिला, वास घालवला आणि आता तो परत पाहिजे. कुणी मला वेड्यात काढलं असतं. त्या शांतपणे ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, औंदा चटणी केलीच नाही मी. भावाची सून बाजारातनं आणते. हात नुसते बसून हायत.

परत येताना त्या माझ्याबरोबर रिक्षात होत्या आणि त्यांच्या मांडीवर त्यांची लोखंडी कढई होती. भाऊ नको म्हणत होता. त्यांनी ऐकलं नाही.

घरात आल्यावर त्या आधी स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. पांढऱ्या भिंतींवरनं त्यांची नजर फिरली. जिथं त्यांची फळी होती त्या रिकाम्या जागेवर जरा जास्त वेळ थांबली. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्याआधी त्याच म्हणाल्या, “पार तोंड धुतलंसा की घराचं. बरं झालं. माज्यानं हुईत नव्हतं.” आणि पदर खोचून ओट्याशी उभ्या राहिल्या.

आबांना दाराशी बसवलं. आणि मग सुरेखानं एक गोष्ट केली. ती उठली आणि स्वयंपाकघराच्या खिडक्या एकेक करून लावून घेतल्या. नवा फॅनही बंद केला. मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, भिंती काय, परत रंगवता येतील.

तानूमावशींनी धणे भाजले. आबा बसून होते. जिरं भाजलं, तीळ भाजले, लवंगा तडतडल्या. आम्ही तिघं शिंकून शिंकून बेजार झालो, सुरेखाच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं, भिंतीपलीकडनं जाधवमामी शिंकताना ऐकू आल्या. आबा नुसते बसून होते, देवळात बसावं तसे. कांदा तळताना तानूमावशींच्या गुडघ्यात कळ आली. त्या खाली बसल्या आणि उलथनं माझ्या हातात देऊन म्हणाल्या, खोबरं तेवढं भाजा, हात थांबवू नका.

मी हात थांबवला. माझं लक्ष कढईत नव्हतंच, ते आबांच्या तोंडावर होतं. त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांवर, त्या थकलेल्या नाकावर. मला एकाएकी ते गल्लीच्या तोंडाशी उभे दिसले, खांद्यावर तिकिटांची पेटी, आणि पलीकडं चुलीपाशी आई. मी मनातल्या मनात म्हणत होतो, येऊ दे, एकदा येऊ दे.

आबांच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी डोळे उघडले, कपाळाला आठी घातली आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

“पका, खोबरं करपलं.”

तानूमावशी गुडघा विसरून उठल्या. खरंच करपलं होतं, पार काळं. त्यांनी मला ढकलून कढई उतरवली. सुरेखा ओट्याला धरून रडायला लागली आणि कुणी विचारलं तर चटणीमुळं, असं म्हणायचं तिनं आधीच ठरवलेलं असावं. आबा खुर्चीतनं उठून आत आले, कढईत वाकून बघितलं, परत हुंगलं आणि म्हणाले, हे टाका, दुसरं घ्या, आणि या गड्याला हात लावू देऊ नका. त्या दुपारी ते दीड भाकरी जेवले.

आबांना अजून पुरता वास येत नाही. काही दिवस येतो, काही दिवस येत नाही. तानूमावशी आता महिन्यातनं एकदा येतात, चार दिवस राहतात, आणि भिंती परत केशरी व्हायला लागल्यात. पण डॉक्टर म्हणाले, करपल्याचा वास त्यांना पक्का कळतो, तर अधूनमधून तेवढा देत चला. त्यामुळं दर रविवारी सकाळी सुरेखा मला ओट्याशी उभं करते आणि हातात उलथनं देते. त्या कामात माझा हात धरणारा या घरात दुसरा कुणी नाही.